टिकेल का, एवढं सांगा

मला एका जागी बसता येत नाही, ही तक्रार माझ्या आईपासून सगळ्यांनी केली आहे. जेवताना मी दोनदा उठते. बाहेर पडल्यावर कुलूप लावलंय का ते बघायला जिना परत चढते. अशा माणसाला कुणी विचारू नये की एखादी गोष्ट दहा वर्षं टिकेल का. आमच्या अण्णांनी विचारलं.

अण्णा म्हणजे आमचे मालक. बिबवेवाडीत त्यांचा मिठाईचे बॉक्स बनवायचा छोटा कारखाना आहे. खाली पुठ्ठा कापायची यंत्रं, वर ऑफिस, आणि त्या ऑफिसात बावीस वर्षं मी. बिलं, पगार, जीएसटी आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाणं, हे सगळं माझ्याकडे. मधूनमधून मदतीला कुणीतरी ठेवायचे, पण माझ्या हाताखाली माणूस सहा महिन्यांच्या वर राहिला नाही. त्यात दोष त्यांचाच, असं मी तेव्हा म्हणत असे.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या कंपनीनं कळवलं की आता ते एकदा विकत घेऊन भागणार नाही, दर वर्षी पैसे भरावे लागतील. नाही भरले तर जुने हिशेब नुसते बघता येतील. अण्णांना हे फार लागलं. त्यांचं घराणं मूळचं इथलं, शेती करणारं. सगळी शेती सोसायट्यांखाली गेली.

"आमच्या रानात लोकांनी फ्लॅट घेतले, ते समदे घरमालक झाले," अण्णा म्हणाले. "आन् मी आता माझ्याच वह्यांत भाड्यानं ऱ्हाऊ?"

तोड काढली त्यांच्या सुनेनं. ती हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे. सकाळी स्वारगेटहून कंपनीची बस पकडते, आणि त्या बसमध्ये तिचं निम्मं आयुष्य जातं. बसमध्ये बसूनच तिनं हे दुसरं सॉफ्टवेअर शोधलं.

"काकू, ओपन सोर्स आहे. लायसन्स फी नाही. आणि कोड पूर्ण ओपन असतो, कुणीही बघू शकतं."

"कुणीही बघू शकतं म्हणजे कुणीच बघत नसणार," मी म्हटलं. "आमच्या सोसायटीच्या जिन्याचं तसंच आहे."

ती हसली. अण्णा हसले नाहीत. ते म्हणाले, "ताई, मला त्यातलं काय कळत न्हाई. तुमी म्हणाल तसं करू. टिकल का, एवढं सांगा. धा वर्षं तरी." एप्रिलपासून नवं वर्ष सुरू होणार, म्हणजे फेब्रुवारीअखेर उत्तर द्यायला हवं होतं.

त्याच आठवड्यात बंगळूरहून माझ्या मुलीचा फोन आला. तिला मे महिन्यात दुसरं बाळ होणार होतं. पहिल्या वेळी ती रीतीप्रमाणे माहेरी, माझ्याकडे आली होती. कळा सुरू झाल्या त्या दिवशी जीएसटीचं रिटर्न भरायची शेवटची तारीख होती. तिला दवाखान्यात नेलं, जावयांना तिथे बसवलं आणि "रिटर्न भरून आलेच" म्हणून मी ऑफिसात गेले. परत आले तोवर नात जन्मून दोन तास झाले होते. मुलगी डोळे उघडून "आलीस?" एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं, मला भांडणाला उत्तर देता येतं.

आता ती फोनवर म्हणाली, "आई, या वेळी तू तीन महिने इकडे येशील का? नक्की असेल तर सांग. नाही तर मी बाई बघते."

मी म्हटलं, "बघते."

"बघ," ती म्हणाली आणि फोन ठेवला. तो सगळा दिवस मला काही सुचलं नाही. तीन महिने ऑफिस सोडून जाणं मला कल्पनेतही जमत नव्हतं, आणि वर हे नवीन सॉफ्टवेअर. मी अण्णांच्या प्रश्नाच्या मागे लागले. तो सुटल्याशिवाय मुलीला उत्तर देता येणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घालून घेतली.

कोड वाचायची माझी लायकी नाही. पण मी एका मुलीचं लग्न केलं आहे, आणि स्थळाची चौकशी कशी करायची ते मला येतं. डबा खाता खाता मी त्या सॉफ्टवेअरची चौकशी सुरू केली. वय किती, घरात माणसं किती, शेजारी काय बोलतात, कुणी सोडून गेलं असेल तर का गेलं. वापरणाऱ्या लोकांची इंटरनेटवर एक चावडी होती. तिथे लोक अडचणी मांडत आणि दुसरे उत्तरं देत. मी उत्तरं कमी वाचली आणि उत्तराला किती दिवस लागले ते जास्त बघितलं. माणूस वेळेवर फोन उचलतो की नाही यावरून त्याची निम्मी परीक्षा होते. चावडी जागी होती. भांडणंही होत होती, म्हणजे घर नांदतं होतं.

मग मला खोट सापडली. मूळ सॉफ्टवेअर देशोदेशीची पुष्कळ माणसं सांभाळत होती. पण आपल्याकडच्या जीएसटीसाठी जो वेगळा भाग जोडावा लागतो, त्याच्याखाली जवळजवळ एकाच माणसाचं नाव होतं. आपल्याकडे करांचे नियम किती वेळा बदलतात ते मला सांगायला नको. झाड कितीही मोठं असो, आम्ही बसणार होतो ती फांदी एका माणसाच्या हातात होती.

मी सुनेला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, तो खूप ॲक्टिव्ह आहे. तुम्ही चेंजेसची लिस्ट बघा ना."

ही यादी सगळ्यांना बघता यायची. कोणत्या दिवशी, काय बदललं, कुणी बदललं, का बदललं, प्रत्येक बदलाची एक ओळ. मला ती फारच आवडली. बावीस वर्षं हजेरीपट बघणाऱ्या बाईला ती वाचायला कुणी शिकवावं लागत नाही. हा माणूस रविवारी सकाळी काम करायचा. दिवाळीत चार दिवस सुट्टी घ्यायचा. नियम बदलला की आठवड्याच्या आत त्याचा बदल यायचा. एकदा त्यानं लिहिलं होतं, वडील दवाखान्यात आहेत, उरलेलं पुढच्या आठवड्यात. पुढच्या आठवड्यात उरलेलं आलं होतं. वडिलांचं काय झालं ते मात्र यादीत नव्हतं, आणि मी ते शोधत बसले होते.

सकाळी चहा गॅसवर ठेवला की आधी ती यादी उघडायची, ही मला सवयच लागली. त्यानं काही लिहिलेलं असलं की दिवस बरा जायचा. आणि मग जानेवारीच्या मध्यावर तो गप्प झाला.

पहिला रविवार गेला. म्हटलं, संक्रांतीला गावी गेला असेल. दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी त्याच्या जागी दोन वेगळीच नावं दिसायला लागली, किरकोळ दुरुस्त्या करणारी. मला ती दोन्ही नावं आवडली नाहीत. म्हातारा अंथरुणाला खिळला की लांबचे पुतणे चकरा मारायला लागतात, तशी मला ती वाटली. त्या दिवसांत माझे पोहे दोनदा करपले. हा माणूस कोण, कुठला, मला ठाऊक नव्हतं. नातं ना गोतं. पण तो आजारी असेल का, अपघात झाला असेल का, वडिलांसारखा तोही दवाखान्यात असेल का, याचा मी विचार करत होते आणि स्वतःवर चिडत होते. मुलीनं विचारलं, "ठरलं का?" मी म्हटलं, "एका माणसाचा पत्ता लागला की सांगते."

शेवटी मी चावडीवर त्याच्यासाठी एक प्रश्न टाकला. माझं इंग्रजी बँकेला अर्ज लिहिण्यापुरतं आहे, त्यामुळे प्रश्न अर्जासारखाच झाला. आम्ही पुण्याचा एक लहान कारखाना आहोत, आपल्या कामावर आमचे हिशेब ठेवायचा विचार आहे, तरी आपल्या पश्चात हे काम कोण पाहणार ते कळवावे. सुनेनं ते वाचून कपाळाला हात लावला. "काकू, तुम्ही त्याला डायरेक्ट मारूनच टाकलं!" अण्णांना मात्र प्रश्न पसंत पडला. ते तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटले, की आमच्या ताईंनी कसं रोखठोक विचारलं.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. तो ठणठणीत होता.

त्यानं लिहिलं होतं की दर वर्षी एक महिना तो मुद्दाम कामाला हात लावत नाही. तो महिना दुसरे दोघं काम चालवतात. ते जिथे अडतात, ती प्रत्येक जागा महिना संपल्यावर तो लिहून काढतो, म्हणजे पुढच्या वर्षी तिथे कुणी अडू नये. पहिल्या वर्षी ते दोघं पहिल्याच दिवशी अडले होते, या वर्षी दोनच ठिकाणी अडले. शिवाय सगळा कोड उघडा असल्यामुळे ते तिघंही उद्या नसले, तरी चौथ्याला हे पुढे नेता येईल. शेवटी त्यानं मला एक काम सांगितलं होतं. तुमचा एक महिन्याचा हिशेब आमच्यात भरा, मग साध्या फाइलमध्ये बाहेर काढा, आणि ज्यानं तो कधी लिहिलेला नाही अशा माणसाला वाचायला द्या. तुम्ही त्या वेळी खोलीत थांबू नका.

मला राग आला, त्याच्यावर आणि मागच्या जानेवारीची यादी न बघणाऱ्या माझ्यावरही. मी चार आठवडे याच्या काळजीनं पोहे करपवले, आणि हा गृहस्थ घरात बसून परीक्षा घेत होता. पण मनातून बरं वाटलं, तेही खरं.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आम्ही ती चाचणी घेतली. दसरा ते दिवाळीचा महिना निवडला, कारण आमचा खरा धंदा तेव्हाच होतो. सुनेनं आधीच सगळा हिशेब न वाचता एकगठ्ठा नव्या सॉफ्टवेअरमध्ये भरून परत बाहेर काढला होता. ती वर ऑफिसात बसली. मी खाली यंत्रापाशी, अण्णांच्या शेजारी. तिनं दोन तास मला काही विचारायचं नाही आणि मी वर जायचं नाही, असं ठरलं. मी तीन वेळा जिन्यापर्यंत गेले.

"ताई, बसा," अण्णा म्हणाले. "सॉफ्टवेअरची परीक्षा हाय, तुमची न्हाई."

तासाभरातच ती खाली आली. हातात छापलेले कागद होते.

"काकू, आकडे सगळे आलेत. एक रुपयाचा फरक नाही. सॉफ्टवेअर पास." मग तिनं कागद माझ्यापुढे धरला. "पण हे काय आहे?"

प्रत्येक बिलाखाली शेरा लिहायला एक जागा असते. काय ठरलं, कसं द्यायचं, काही वेगळं असेल तर ते तिथे लिहायचं. त्या कागदावर पहिल्या बिलाखाली मी लिहिलं होतं, 'नेहमीप्रमाणे'. दुसऱ्याखाली, 'नेहमीप्रमाणे'. पान भरून तेच. तिनं मोजलं होतं, त्या एका महिन्यात एकशे बारा वेळा.

"त्यात काय कठीण आहे?" मी म्हटलं, आणि सांगायला लागले. हे दुकान जुनं, यांना दसऱ्यापर्यंत गेल्या वर्षीचा दर. हे दोन भाऊ वेगळे झालेत, माल एकत्र जातो पण बिलं दोन, आणि थोरल्याचं आधी करायचं, नाही तर धाकट्याचं बिल बघून तो रुसतो. यांचे ओले झालेले बॉक्स परत घ्यायचे नाहीत, पुढच्या मालात वळते करायचे. यांना लक्ष्मीपूजनाच्या आधी पैशांची आठवण करायची नाही. मी धडाधड सांगत होते. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू.

ती शांतपणे ऐकत होती. "हे कुठे लिहिलंय?"

"लिहायचंय काय त्यात? मला माहीत आहे."

बोलून झाल्यावर ते वाक्य माझं मलाच ऐकू आलं. यंत्र चालू होतं, तरी ऐकू आलं.

अण्णा खुर्चीत जरा पुढे सरकले. "ताई," ते हळूच म्हणाले, "तुमी त्या माणसाला काय इचारलं व्हतं?"

ते टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर मी परतवला असता.

घरी जाताना मी रिक्षा केली नाही, चालत गेले. आधी सुनेवर चिडले. बसमध्ये बसून शोध लावणाऱ्या पोरीला दोन भावांचं दुःख काय कळणार. मग त्या माणसावर चिडले. मग चिडायला कुणी उरलं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी आयुष्यभर लोकांना ऐकवली आहे. एका माणसावर सगळं अवलंबून आहे, म्हणून मी एका परक्या माणसाला महिनाभर तपासत होते. तो तर दर वर्षी स्वतःला कामातून काढून बघत होता. मी बावीस वर्षांत एकदाही काढून बघितलं नव्हतं.

आणि मी कधी काही लिहून ठेवलं नाही, ते वेळ नव्हता म्हणून नव्हे. माझ्यावाचून अडतं, यात मला सुख होतं. रविवारी फोन वाजला की मी कपाळाला आठ्या घालायची, पण पहिल्या घंटीला उचलायची. नातीच्या जन्माच्या दिवशी मी ऑफिसात गेले, ते अण्णांनी बोलावलं म्हणून नव्हे. अण्णा सकाळीच म्हणाले होते, "ताई, ऱ्हाऊ द्या, दंड बसला तर बसू द्या." मीच गेले होते. हे मी मुलीला कधी सांगितलं नाही. तिला ते माहीत असावं, असं आता वाटतं.

सोमवारी मी अण्णांना सांगितलं, सॉफ्टवेअर टिकेल. दहा वर्षांची हमी देव पण देणार नाही, पण हे बंद पडलं तरी आपले हिशेब आपल्या हातात राहतील आणि दुसरीकडे नेता येतील. एप्रिलपासून घ्या. आणि मे ते जुलै मी नाही. अण्णांनी मान हलवली, आणि दोन्हींतलं कुठलं त्यांना जास्त मोठं वाटलं ते मला कळलं नाही. लगेच मुलीला फोन केला. येते म्हटलं. ती म्हणाली, "बघू." माझाच शब्द होता, मी मुकाट घेतला.

पुढचे दोन महिने मी एका दोनशेपानी वहीत 'नेहमीप्रमाणे' लिहून काढत होते. एकेका गिऱ्हाइकाला एक पान. सोपं जाईल वाटलं होतं. एका दुकानाला आम्ही शेकड्यामागे चार बॉक्स फुकट देत होतो. का, ते आठवेना. दोन दिवसांनी आठवलं. खूप वर्षांपूर्वी त्यांचा माल एकदा कच्चा निघाला होता, त्याची भरपाई म्हणून एका दिवाळीपुरतं ठरलं होतं. मी थांबवायचं विसरले आणि त्यांनीही आठवण केली नाही. अण्णांना सांगितलं तेव्हा ते पोट धरून हसले. संध्याकाळी सून बसमधून उतरून घरी न जाता सरळ ऑफिसात यायची आणि माझ्या पानांवर प्रश्न लिहायची. मी तिच्यावर ओरडायची. तिनं येणं सोडलं नाही. सहा महिन्यांच्या वर टिकणारी तीच निघाली, आणि तिला तर पगारही नव्हता.

मे महिन्यात मी बंगळूरला गेले. या वेळी मी तिथे होते. दवाखान्याच्या बाकावर सगळा वेळ बसून होते, आणि बसून राहणं मला किती कठीण जातं ते मुलीला ठाऊक आहे. नातू झाला. तिनं डोळे उघडले आणि माझा हात धरला.

त्यानंतर माझी खरी परीक्षा सुरू झाली, कारण फोन वाजेना. पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. रिटर्नची तारीख आली आणि गेली. मी दोनदा सुनेला फोन लावला आणि वाजायच्या आत ठेवून दिला. मुलगी हे बघत होती. "आई, त्यांचं चाललंय," ती म्हणाली. त्या तीन शब्दांनी मला किती दुखलं ते सांगायला लाज वाटते.

यादी बघायची सवय मात्र सुटली नव्हती. जूनमधल्या एका सकाळी नातू मांडीवर होता, आणि मी एका हातानं फोनवर ती यादी उघडली. सगळ्यात वर एक नवीन नाव होतं. मी चष्मा लावून परत वाचलं. अण्णांच्या सुनेचं नाव होतं. तिनं एक छोटी भर घातली होती. बिल करायला गिऱ्हाइकाचं नाव टाकलं, की त्याच्याशी काय ठरलं आहे ते आपोआप समोर दिसावं, आणि ते वाचल्याशिवाय बिल पुढे जाऊ नये. त्या माणसानं तिची भर तपासून घेतली होती आणि आभार मानले होते. का बदललं, त्या ओळीत तिनं लिहिलं होतं, आमच्या ऑफिसातल्या काकू पहिल्यांदाच सुट्टीवर गेल्या आहेत, त्यांना फोन करावा लागू नये म्हणून.

ही यादी सगळ्यांना बघता येते. माझी बावीस वर्षं त्यात एका ओळीत होती, आणि ती ओळ जगात कुणीही वाचू शकत होतं. मला रडू आलं. दुःखाचं की सुटल्याचं, ते मी ठरवत बसले नाही.

"काय झालं?" मुलीनं आतून विचारलं. "ऑफिसचा फोन?"

"नाही," मी म्हटलं. "आला नाही."

नातू चुळबुळ करायला लागला. मी फोन बाजूला ठेवला आणि तसंच बसून राहिले.